वाचकांचे प्रश्न : चित्र दिसते, पण त्यात आपला वाटा कोणता?

समाजमाध्यमावरील खात्याचा उपयोग पोर्टफोलिओसारखा, म्हणजे आपल्या कामाचा संग्रह दाखवण्यासाठी, करता येईल का, अशी विचारणा करणारी पत्रे या वेळी सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आली. त्यांतील चार प्रश्न संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रोडवरील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी चादरी आणि टॉवेल यांची डिझाइन करते. कागदावर नक्षी काढण्यापासून संगणकावर जेकार्डचा (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचा) ग्राफ, म्हणजे विणकामाचा चौकटींतला आराखडा, तयार करण्यापर्यंतचे काम माझ्याकडे असते. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांकडून स्वतंत्र कामे मिळावीत यासाठी ही डिझाइन इन्स्टाग्रामवर टाकावीत, असे मला वाटते. मालकांची त्याला तयारी नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : मालकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यामागे केवळ धंद्यातील गुप्तता नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो; उभयतांत काही वेगळे ठरले असेल तरच यात फरक पडतो. त्याहून नाजूक मुद्दा २०००च्या डिझाइन कायद्याचा आहे. एखादी नक्षी या कायद्याखाली नोंदवायची असेल, तर अर्ज दाखल होण्यापूर्वी ती भारतात किंवा अन्य कोणत्याही देशात प्रसिद्ध झालेली नसावी, अशी अट आहे. आणि इन्स्टाग्रामवर सर्वांना दिसेल अशी टाकलेली नक्षी ही प्रसिद्ध झालेली नक्षीच ठरते. आपण आज उत्साहाने एक पोस्ट केली आणि कारखान्याचा अर्ज पुढच्या आठवड्यात गेला, तर त्या पोस्टमुळे नोंदणी नाकारली जाऊ शकते, किंवा झालेली नोंदणी नंतर रद्दही होऊ शकते. नोंदणीमुळे मालकाला १० वर्षांचे आणि मुदत वाढवून घेतल्यास आणखी ५ वर्षांचे संरक्षण मिळते. उलट, नोंदवता येण्याजोगे डिझाइन नोंदवलेच नाही आणि त्याचे ५०हून अधिक नग यंत्रावर निघाले, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइटही उरत नाही. यंत्रमागाच्या धंद्यात ५० नगांचा आकडा किती लवकर ओलांडला जातो, हे आपल्याला सांगायला नको.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो आपल्या शहरात वारंवार ऐकू येतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. परंतु ते मानांकन त्या नावाचे आणि त्या नावामागच्या उत्पादन-परंपरेचे रक्षण करते. आपण काढलेल्या एखाद्या विशिष्ट नक्षीची राखण ते करत नाही.

मग आपण काय दाखवावे? जी डिझाइन बाजारात येऊन बराच काळ झाला आहे, त्यांपैकी काही दाखवण्याची परवानगी मालकांकडे लेखी मागावी, म्हणजे साधा ई-मेल करून त्याचे उत्तर जपून ठेवावे. सरसकट नकार देणारे मालकही ‘मागच्या हंगामातील या पाच चादरी दाखवू का?’ असे नेमके विचारल्यावर पुष्कळदा राजी होतात. त्याखेरीज नोकरीच्या वेळेबाहेर, स्वतःच्या साधनांवर, कारखान्याच्या नमुन्यांचा आधार न घेता काही नक्ष्या मुद्दाम पोर्टफोलिओसाठी कराव्यात. त्यांपैकी एखादी पुढे नोंदवावी असे वाटत असेल, तर आधी अर्ज आणि मग पोस्ट, हा क्रम मोडू नये.

मला सर्वांत अधिक आग्रहाने सांगायचे आहे ते छायाचित्राखालच्या मजकुराविषयी. मोरपिसाच्या नक्षीची सुंदर चादर पाहून पुण्यातील खरेदी अधिकाऱ्याला एवढेच कळते की चादर सुंदर आहे; ती नक्षी आपण काढली, दुसऱ्याने काढलेल्या नक्षीचा ग्राफ केला, की केवळ रंग बदलले, हे त्याला कळत नाही, आणि काम देताना त्याला नेमके तेच हवे असते. म्हणून असे लिहावे : ‘डबल बेडची चादर. विषय कारखान्याने दिलेला. नक्षी, रंगांची निवड आणि जेकार्डचा ग्राफ माझा. विणकाम कारखान्यातील सहकाऱ्यांचे.’ त्यापुढे जेकार्ड किती हुकांचे (धागे उचलणाऱ्या आकड्यांचे) होते, नक्षीची पुनरावृत्ती किती इंचांवर होते, ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) किती रंग होते, आणि मूळ कल्पनेतील कोणती नाजूक रेष मागावर उतरेना म्हणून बदलावी लागली, हेही लिहावे. मात्र कारखान्याच्या कामाबाबत यांतील कोणता तपशील उघड करायचा, हेही त्या परवानगीतच विचारून घ्यावे. नक्षी काढणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ मिळतील; मागाच्या मर्यादा ओळखून नक्षी काढणारी व्यक्ती त्यांना सहज मिळणार नाही. आपले खरे भांडवल हे आहे, आणि ते चित्रात दिसत नाही, शब्दांतच सांगावे लागते.

पुढे स्वतंत्र कामे मिळू लागल्यावर प्रत्येक ऑर्डरमध्ये ‘माल बाजारात आल्यानंतर हे काम माझ्या संग्रहात दाखवता येईल’ असे एक वाक्य घालून घ्यावे. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक डिझाइन कायद्यानुसार काम सांगणाराच असतो, त्यामुळे हे वाक्य आधी लिहून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न : मी सात रस्ता परिसरात लग्नाची छायाचित्रणाची कामे घेतो. माझ्या खात्यावर शेकडो छायाचित्रे आहेत, लाइकही चांगले मिळतात, पण चौकशीचे फोन फारसे येत नाहीत. शिवाय एका कुटुंबाने अलीकडे त्यांची छायाचित्रे काढून टाकायला लावली. छायाचित्र मी काढलेले असताना त्यांना तसा अधिकार आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अनेक छायाचित्रकारांना अनपेक्षित वाटते. त्याच कलम १७ मध्ये असे म्हटले आहे की, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणारा असतो. म्हणजे लग्नाच्या छायाचित्रांवर मालकी, लेखी काही ठरलेले नसेल तर, त्या कुटुंबाची. आपण त्या छायाचित्रांचे कर्ते राहता, आणि कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे आपल्याकडे राहतो. परंतु ती वापरण्याचा अधिकार त्यातून आपोआप येत नाही. यासाठी बयाणा घेतानाच एका पानाच्या करारात कॉपीराइट कोणाचा, किती छायाचित्रे समाजमाध्यमावर दाखवली जातील, लहान मुलांची दाखवायची की नाहीत, आणि नंतर विनंती आल्यास किती दिवसांत काढून टाकली जातील, हे लिहून घ्यावे, आणि नमुना करार एकदा वकिलांच्या नजरेखालून घालावा. कायदा काही म्हणो, घरच्या मंडळींनी विनंती केल्यावर छायाचित्र काढून टाकले हे आपण योग्यच केले. लग्न हा त्यांच्या घरचा प्रसंग आहे.

आता चौकशीविषयी. मी आपले खाते पाहिले. नववधूचे अर्धे झाकलेले डोळे, मेंदीचे हात, सूर्यास्तापुढची जोडपी, मधूनच सिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वज आणि बाराबंदीतले मानकरी. प्रत्येक छायाचित्र चांगले आहे. तरीही मुलीचे लग्न ठरलेल्या बापाला जे जाणून घ्यायचे असते ते या खात्यात सापडत नाही. भर उन्हाळ्यात दुपारच्या मुहूर्ताला, ट्यूबलाइटच्या उजेडातल्या मंगल कार्यालयात, अक्षता पडत असताना आणि व्यासपीठावर चाळीस नातेवाईक उभे असताना हा माणूस नेमके काय टिपू शकतो, हे त्याला पाहायचे असते. म्हणून एकाच लग्नाची सलग १५-२० छायाचित्रे, हळदीपासून पाठवणीपर्यंत, एका पोस्टमध्ये क्रमाने द्यावीत. इन्स्टाग्रामवर ऑगस्ट २०२४ पासून एका पोस्टमध्ये २० छायाचित्रे बसतात. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतील लग्ने होतात, आणि प्रत्येक घरचे विधी, त्यांचा क्रम व त्यांतला मोलाचा क्षण वेगळा असतो. तो क्षण ज्याला आधी माहीत असतो तोच योग्य जागी उभा राहतो. आपण अशी वेगवेगळी लग्ने केलेली असतील, तर त्यांपैकी तीन निवडून खात्याच्या माथ्यावर पिन करावीत. तशी सोय तिथे तीन पोस्टपुरतीच आहे आणि तेवढी पुरते.

यात्रेची छायाचित्रे मला मनापासून आवडली, परंतु ती वेगळ्या खात्यावर ठेवावीत. ती पाहणारे बहुतेक लोक यात्रेवरच्या प्रेमाने लाइक देतात, त्यामुळे लाइकची संख्या वाढते आणि चौकशी वाढत नाही. जी लग्ने दुसऱ्या छायाचित्रकाराच्या हाताखाली सेकंड शूटर म्हणून केली असतील, त्यांच्याखाली तसे स्पष्ट लिहावे आणि मुख्य छायाचित्रकाराची संमतीही घ्यावी. सोलापूरच्या वर्तुळात कोणत्या लग्नाला मुख्य कॅमेरा कोणाचा होता, हे लपून राहत नाही.

तांत्रिक बाब थोडक्यात : जानेवारी २०२५ पासून प्रोफाइलवरील चौकटी चौरसाऐवजी उभ्या दिसतात, त्यामुळे जुन्या पोस्टमधील कोणाचे डोके वा हात कापला जात नाही ना, हे एकदा तपासून घ्यावे.

प्रश्न : मी सुलेखन करते आणि मराठी, कन्नड व तेलुगू निमंत्रणपत्रिका तयार करते. मजकूर कोणत्या भाषेत लिहावा? माझे फॉलोअर पाचशेही नाहीत. ते वाढवून देणाऱ्या एजन्सीला पैसे द्यावेत का?

उत्तर : देऊ नयेत. विकत घेतलेले फॉलोअर पत्रिका छापून घेत नाहीत, आणि खोट्या संख्येमुळे खरी माणसे आपल्या कामाकडे किती लक्ष देतात हे आपल्यालाच दिसेनासे होते. पाचशेतील पन्नास जण सोलापूर, विजयपूर, कलबुर्गी या भागांतील छापखानदार आणि लग्नघरची मंडळी असतील, तर ते आपल्या व्यवसायाला पुरेसे आहे.

मजकूर आपल्याला काम देणाऱ्याच्या भाषेत असावा. कन्नड पत्रिकेखाली कन्नड मजकूर आणि एक मराठी ओळ, मराठी पत्रिकेखाली मराठी. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामवरील व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही दिसू शकतात, त्यामुळे ‘लग्नपत्रिका’, ‘सुलेखन’, ‘सोलापूर’ हे शब्द मजकुरात पूर्ण वाक्यांतून यावेत. आपल्या बाबतीतही वाट्याचा प्रश्न आहेच : अक्षर हाताने लिहिलेले आहे, की तयार फॉन्टवर सजावट केलेली आहे, हे प्रत्येक पत्रिकेखाली नमूद करावे. हाताने लिहिलेल्या अक्षराचा दर वेगळा असतो, आणि तो मागण्याचा आधार हेच वाक्य देते. पत्रिका दाखवताना त्यावरील पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक झाकावेत.

प्रश्न : माझे वडील ब्रशने दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरील जाहिराती रंगवत. फ्लेक्स आल्यावर काम आटले. आता मी भिंतीचित्रांची कामे घेतो. वडिलांच्या कामाचे जुने फोटो घरात आहेत. ते माझ्या खात्यावर टाकणे योग्य होईल का, आणि सगळे एकाच माध्यमावर ठेवणे सुरक्षित आहे का?

उत्तर : अवश्य टाकावेत, परंतु त्यांची स्वतंत्र मालिका करून आणि प्रत्येक पाटीखाली वडिलांचे नाव देऊन. हाताने रंगवलेल्या अक्षरांना उपाहारगृहे, हॉटेले आणि चित्रपटांच्या कलाविभागांकडून मागणी असते, आणि दोन पिढ्यांचे काम शेजारी पाहिल्यावर आपला हात कुठे घडला हे कळते. वडिलांच्या पाट्या आपल्या म्हणून, किंवा कोणाच्या हे न सांगता दाखवल्या, तर मात्र मागणी येईल तशा अक्षरांची, आणि ती पुरी करण्याचा सराव आपल्या हाताला नसेल तर पहिल्याच भिंतीवर ते उघडे पडेल. फोटो मोबाइलने न काढता स्कॅन करावेत, त्यांवर फिल्टर चढवू नयेत. पाटी कोणत्या पेठेतली, अंदाजे कोणत्या वर्षीची, पत्र्यावर की लाकडावर, कोणता रंग वापरला होता, ही माहिती वडिलांना विचारून आजच लिहून काढावी.

एकाच माध्यमावर विसंबणे सुरक्षित नाही. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी भारतात बंदी आली, तेव्हा महाराष्ट्राच्या गावोगावच्या कलाकारांचा प्रेक्षकवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. ज्यांच्याकडे मूळ चित्रफिती होत्या त्यांना दुसरीकडे नव्याने उभे राहता आले. ज्यांचे सारे काम त्या खात्यातच होते त्यांच्या हाती फार थोडे उरले. इन्स्टाग्राम छायाचित्रे लहान करून ठेवते, त्यामुळे तिथून परत उतरवलेले चित्र छपाईला किंवा मोठ्या भिंतीच्या प्रस्तावाला बहुधा पुरत नाही. म्हणून मूळ आकारातील प्रती एका हार्ड डिस्कवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवाव्यात, आणि निवडक १२-१५ कामांची, प्रत्येकाखाली पूर्ण मजकूर असलेली एक पीडीएफ तयार ठेवावी. भिंतीचित्राचे काम देणारी शाळा, संस्था किंवा महापालिकेचा विभाग प्रस्तावासोबत अशीच फाइल मागतो. कामाचा व्याप वाढल्यावर स्वतःच्या नावाचे छोटे संकेतस्थळ करता येईल. आजच त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही.

खात्याला टू-फॅक्टर सुरक्षा, म्हणजे पासवर्डखेरीज दुसरा कोडही मागणारी सोय, लावावी, आणि त्या वेळी मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवावेत. खाते ज्या मोबाइल क्रमांकावर उघडले आहे तो क्रमांक बदलणार असाल, तर आधी खात्यात नवा क्रमांक नोंदवावा आणि मगच जुने सिम बंद करावे.