घोडी सरकली म्हणजे गिटार बिघडली नाही

व्हायोलिनसारखी फुगीर तबली (वरची फळी), तिच्यावर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं आणि आतून पोकळ: ही जॅझची आर्चटॉप गिटार. सांगली-साताऱ्यात ती ऑनलाइन मागवली जाऊ लागली आहे, पण घेणाऱ्याची समजूत साध्या अकूस्टिकचीच असते. त्यामुळे तेच तेच प्रश्न पुन्हा येतात.

सेमी-हॉलो आणि आर्चटॉप एकच, असं दुकानदार म्हणतो. खरं का? (कराड)

नाही. सेमी-हॉलोच्या पोटात मधोमध लाकडी ठोकळा असतो. गिब्सन कंपनीची १९५८ ची ईएस-३३५ तशी आहे. तिचीही तबली फुगीर, म्हणून घोळ होतो. एफ-भोकातून टॉर्च मारा. ठोकळा दिसला तर ती पूर्ण पोकळ गिटार नव्हे.

जाहिरातीत ‘स्प्रूस टॉप’ लिहिलंय, किंमतही परवडते. घेऊ? (विश्रामबाग, सांगली)

‘स्प्रूस टॉप’ एवढंच लिहिलेलं असलं तर बहुधा वरचा पापुद्रा स्प्रूस या लाकडाचा आणि खाली प्लाय. ‘सॉलिड’ हा शब्द असला तरी तो अर्धाच खुलासा: अखंड लाकूड उष्णता देऊन, दाबून वाकवलेलं असू शकतं. जाड फळी कोरून केलेल्या तबलीला ‘कार्व्हड’ म्हणतात आणि तिचा खर्च वेगळाच. एफ-भोकाची कापलेली कड भिंगाखाली बघा, थर मोजता येतात. कड काळ्या रंगाने रंगवलेली असेल तर विक्रेत्याकडून लेखी उत्तर घ्या.

प्लाय म्हणजे वाईट, असं मुळीच नाही. गिब्सनची १९४९ ची ईएस-१७५ लॅमिनेटची, म्हणजे प्लायचीच, आणि जॅझवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. लॅमिनेट हवामान सोसतं, अ‍ॅम्पसमोर कमी ओरडतं. पहिली आर्चटॉप तीच घ्या. फसवणूक आहे ती प्लायला कार्व्हडचा भाव लावण्यात. परदेशातून मागवत असाल तर कस्टम, जीएसटी, विमा सगळं धरून आकडा आधी मागा.

अकूस्टिकच्या ब्राँझ तारा शिल्लक आहेत. चालतील? (फलटण)

पिकअप (तारांचा आवाज अ‍ॅम्पकडे नेणारा भाग) चुंबकी असेल तर नाही. निकेलच्या किंवा फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) घ्या, बारा नंबरचा सेट.

तारा बदलायला सगळ्या एकदम काढल्या, घोडी (तारा टेकतात तो ब्रिज) हातात आली. परत ठेवली, पण वरच्या पडद्यांवर सूर चढे लागतात. दुकानात ‘नेक वाकली, ट्रस रॉड फिरवावा लागेल’ म्हणाले. (तासगाव)

ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावू देऊ नका. आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी असते. तारा गेल्या की ती सुटणारच. नेक खरंच वाकली का, ते दोन मिनिटांत कळतं: जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकत असेल, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, तर नेक निर्दोष आहे.

आता घोडी. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा. बाराव्यापासून घोडीपर्यंत तेवढंच अंतर, अधिक थोडं: बारीक ई कडे सुमारे दोन मिलिमीटर, जाड ई कडे चार-पाच. म्हणून घोडी किंचित तिरकी दिसते. ती ‘सरळ’ करणारे महाभाग पुष्कळ आहेत. दोन्ही ई तारा फिंगरबोर्डच्या कडांपासून सारख्या अंतरावर हव्यात. मग सूर लावा. बाराव्या पडद्यावर आधी हार्मोनिक (बोट तारेला नुसतं टेकवून काढलेला सूर) छेडा, मग तीच तार दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर घोडी टेलपीसकडे (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडे), उतरलेला आला तर नेककडे. तार थोडी सैल करून एकेक मिलिमीटर सरकवायची आणि प्रत्येक वेळी पुन्हा सूर लावायचा. दोन्ही ई जमल्या की बाकीच्या तपासा. तारा नव्याच हव्यात. जुन्या गंजक्या तारांवर केलेली जुळणी फुकट जाते.

एवढं करूनही तिसरी तार, म्हणजे ‘जी’ (G), एकटीच चढी लागते? मग ती वरून बारीक तार गुंडाळलेली आहे की साधी, ते बघा. लाकडी घोडीच्या वरच्या पट्टीतल्या पायऱ्या बहुधा गुंडाळलेल्या जी साठी कोरलेल्या असतात. साधी जी लावली की ती बेसूर राहते, घोडी कितीही सरकवा.

शेवटी घोडीचा तळ. त्याखाली कागदाची कड घालून बघा. कागद आत शिरला तर तळ तबलीला बसलेला नाही आणि आवाज पोकळ, मेलेला येणार. तळ घासून बसवणं घरी करू नका, जाणकाराला दाखवा. उंचीची चाकं फिरवतानाही तारा आधी सैल करा, नाहीतर आटे जातात. आणि पुढच्या वेळी एकेकच तार बदला.

सतारमेकर गल्लीत जवारी काढतात (घोडीचा माथा घासून झणकार जुळवतात), तशी गिटारच्या घोडीचीही काढून घ्यावी का? तार झणझणते. (मिरज)

नको! सतारीच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित गोलाकार असतो, तार त्याला हलकेच घासते आणि तीच झणकार हवी असते. गिटारची तार मात्र एकाच धारदार कडेवरून सुटली पाहिजे. ती कड सपाट केली की झणझण वाढेल आणि सूरही धूसर होईल. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही. उलट घोडीचा तळ फुगीर तबलीला बसवायला त्यांच्यासारखे हात नाहीत. वरच्या पट्टीला मात्र हात लावू देऊ नका. झणझणीचं कारण बहुधा खाचेत, पडद्यात किंवा सैल स्क्रूत असतं. वाद्य बघितल्याशिवाय ठरत नाही.

गणेशोत्सवात स्टेजवर गिटार सारखी गुणगुणते. स्पंज कोंबू? (सांगली)

आधी अ‍ॅम्पकडे तोंड करून उभं राहणं थांबवा आणि बेस कमी करा. मग एफ-भोकं फोमने बंद करा. कोंबू नका, आतल्या वायरी तुटतात.

केसमध्ये तांदळाची पुरचुंडी ठेवावी असं ऐकलं. शिवाय एफ-भोकाजवळ केसाएवढी रेष आहे, सहा महिने तशीच आहे. (वाई)

तांदळाने कीड येते, दुसरं काही नाही. केसमध्ये आर्द्रतामापक ठेवा, ४५ ते ५५ टक्के ठीक. पावसाळ्यात लाकूड फुगून तबली वर येते, तारा उंच होतात. तेव्हा सिलिका जेल. एप्रिल-मेमध्ये तबली बसते, तारा खाली येऊन झणझणतात. तेव्हा ओलावा द्यावा लागतो आणि सिलिका बाहेर काढावं लागतं.

पण रेष सहा महिने? नखाने आडवं चाचपा. नख अडकलं तर चीर लाकडात आहे, नुसत्या पॉलिशमध्ये नाही. झटपट चिकटणारा गोंद ओतू नका, नंतरची दुरुस्ती दुप्पट होते. नख अडकलं नाही तरी या आठवड्यातच कारागिराला दाखवा. नेण्याआधी घोडीच्या कडेने मास्किंग टेप लावून जागा आखा, तारा दोन-दोन सूर उतरवा, पूर्ण सैल नको, आणि घोडी व टेलपीसच्या मध्ये, तारांखाली, मऊ फडकं सरकवा.