बाळाला काय लावू आणि काय नको: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तान्ह्या बाळाच्या आंघोळीबद्दल थोडं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर बाळाच्या स्किनलाच दिलंय. बरेच प्रश्न सारखेच होते म्हणून त्यातले पाच घेतलेत.

प्रश्न: डॉक्टर, मुलगी अडीच महिन्यांची आहे. बारशाला तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे बेबी सेट आले, सगळ्यांवर नॅचरल, ऑर्गॅनिक, केमिकल फ्री लिहिलंय. मैत्रीण म्हणते जो सगळ्यात महाग तोच सेफ. नक्की काय बघून निवडायचं? (एक आई, नाशिक)

उत्तर: बाटलीवर पुढून काय लिहिलंय ते आधी सोडून द्या आणि बाटली उलटी करा. कॉस्मेटिकवर ‘नॅचरल’ लिहायला आपल्याकडे कायद्यात पक्की व्याख्याच नाहीये, त्यामुळे नावाला कोरफड टाकून हिरव्या पानांचं चित्र छापलं तरी चालून जातं. आणि केमिकल फ्री म्हणाल तर पाणी हेसुद्धा केमिकलच, मग फ्री कशापासून? मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते, ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, म्हणजे पुढे बदामाचा मोठा फोटो आणि यादीत बदाम तेल अगदी तळाला असेल तर तुम्ही बदामाच्या फोटोचे पैसे देताय.

यादीत पहिल्यांदा शोधायचं ते फ्रॅग्रन्स, पार्फम किंवा परफ्यूम. हे असेल तर बाटली बाजूला ठेवा. लव्हेंडर, टी ट्री, संत्र्याचं इसेन्शियल ऑइल हे झाडापासूनच येतं, पूर्ण नैसर्गिक, पण त्यातले लिनालूल, लिमोनीनसारखे घटक हवा लागली की बदलतात आणि मग त्यांची ॲलर्जी उठू शकते. सुवास आपल्याला हवा असतो हो, बाळाला तो नकोय, त्याला आईचा वास पुरतो. ‘अनसेंटेड’वरही लगेच विश्वास ठेवू नका, कधी कधी मूळ वास झाकायला त्यात दुसरा सुगंध घातलेला असतो, म्हणून ‘फ्रॅग्रन्स फ्री’ असंच लिहिलेलं बघा आणि तरी यादी वाचाच.

दुसरं म्हणजे पीएच, म्हणजे ॲसिडिकपणा मोजायचं माप: 7 म्हणजे न्यूट्रल, त्याखाली ॲसिडिक. जन्मतः बाळाच्या त्वचेचा पीएच जवळजवळ न्यूट्रल असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत ती हळूहळू ॲसिडिक होत 5.5 च्या आसपास येते. याच ॲसिडिक थरामुळे जंतू आटोक्यात राहतात आणि ओलावा टिकतो. नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10, त्याने हा थर रोज बिघडतो. म्हणून साबण घ्यायचाच तर ‘सिंडेट’ किंवा ‘सोप फ्री’ (नेहमीच्या साबणाऐवजी सौम्य क्लीन्झरची वडी) लिहिलेला घ्या, तोही कुल्ले, मान, काखा एवढ्यापुरताच, बाकी अंगाला कोमट पाणी भरपूर झालं.

एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायचीय. नैसर्गिक असलं म्हणजे सौम्य असतंच असं नाही. लिंबाचा रस नैसर्गिक आहे, तो बाळाच्या अंगाला लावून बघाल का? आणि साधी पांढरी पेट्रोलियम जेली खनिज तेलापासून बनते, तिला कुणी नॅचरल म्हणणार नाही, पण तिची ॲलर्जी फारच क्वचित दिसते आणि ती ओलावा फार छान धरून ठेवते. तेव्हा तुमच्या मुलीला लागणाऱ्या वस्तू तीनच: एक सौम्य वॉश, कोरडेपणा दिसला तर एक साधं क्रीम आणि लंगोटाच्या जागेसाठी झिंक ऑक्साइडचं मलम. कुठलंही नवीन क्रीम आधी दंडाच्या आतल्या बाजूला थोडंसं, तीन-चार दिवस लावून बघा आणि एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करा, नाहीतर लाली आली तर कशाने आली ते कळणारच नाही.

प्रश्न: आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बाळाला तेल लावून डाळीचं पीठ, साय आणि चिमूटभर हळद चोळून अंघोळ घालतात. सून लखनौची, विहीणबाईंनी मोहरीचं तेल पाठवलंय. आता सून म्हणते डॉक्टरांनी पीठही नको आणि ते तेलही नको म्हणून सांगितलं. मग लावायचं तरी काय? (एक आजी, कराड)

उत्तर: आजी, मालिश अजिबात बंद करू नका. तुमचे हात, ऊब, गाणं म्हणत पायांवर घेऊन चोळणं, याने बाळ शांत झोपतं, वजनही बरं वाढतं. प्रश्न आहे तो पिठाचा. पीठ कितीही बारीक चाळलं तरी ते घासलं जातं, आणि अंगावरची लव निघावी म्हणून आपल्याकडे मावशी अंमळ जोरातच चोळतात. ती लव तशीही काही महिन्यांत आपोआप जाते. शिवाय गुटगुटीत बाळाच्या मानेची घडी कधी उघडून बघा, आत पिठाची ओली रेघ राहिलेली असते, तिला आंबूस वास येतो आणि खाली कातडी लालबुंद, ओलसर. असं बाळ माझ्याकडे आलं की आई म्हणते रॅश कशाने आलं कळत नाही.

आणखी एक, जे खातो ते कातडीला लावलं तर काय बिघडणार असं आपल्याला वाटतं ना? खरखरीत, ओरखडलेल्या त्वचेतून अन्नातली प्रोटीन्स आत शिरली तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं. ब्रिटनमध्ये 2003 साली शेंगदाणा तेल असलेली क्रीम्स लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसल्याचं छापून आलं. जपानमध्ये चेहऱ्याच्या एका साबणात गव्हाचं प्रोटीन होतं, तो वापरणाऱ्या हजारो मोठ्या माणसांना गहू खाल्ल्यावर रिॲक्शन यायला लागली आणि 2011 मध्ये तो साबण परत मागवावा लागला. म्हणून साय, पीठ, बदामाची पेस्ट हे तान्ह्या बाळाला नकोच, आणि अंग कोरडं, लाल असेल तर मुळीच नको.

आता तेल. मोहरीच्या तेलाबाबत सूनबाईंचं बरोबर आहे, ते कातडीला झोंबतं आणि तिचा संरक्षक थर बिघडवतं. ऑलिव्ह ऑइलही महाग आणि परदेशी म्हणून चांगलं असं नाही, त्यात ओलेइक ॲसिड जास्त असतं आणि तेही तो थर सैल करतं. आपलं साधं खोबरेल छान आहे, फक्त वासाचं, जास्मिन वगैरे घातलेलं घेऊ नका. सूर्यफुलाचं तेलही चालतं, ढाक्याच्या एका हॉस्पिटलमध्ये फार लवकर जन्मलेल्या बाळांना ते लावलं तर इन्फेक्शन कमी झाल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालंय. विहीणबाईंचं तेल फोडणीला वापरा, त्यांनाही वाईट वाटणार नाही. आणि कृपा करून नाकात, कानात तेल सोडू नका, नाकातलं तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

प्रश्न: आमच्याकडे उन्हाळ्यात बाळाला घामोळं येतं, पावडर लावू का? आणि घरी केलेलं काजळ चालेल ना? (एक बाबा, नागपूर)

उत्तर: दोन्ही नको. पावडर उडते आणि बाळ ती श्वासातून आत घेतं, घामाबरोबर तिचा चिखल होऊन घड्या आणखी बुजतात. टाल्कवरून (पावडरीत असणारं खनिज) मुख्यतः अमेरिकेत खटले चालले, जॉन्सन अँड जॉन्सनने 2023 मध्ये टाल्कची बेबी पावडर सगळीकडेच बंद केली आणि 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने टाल्कला ‘बहुधा कॅन्सरकारक’ गटात टाकलं, पण तो वाद बाजूला ठेवला तरी फुप्फुसांसाठीच पावडर वाईट. वेखंडाची पूड टाळूवर घालतात तेही नको, तीही नाकात जाते. घामोळ्याला थंडावा हवा असतो, पातळ सुती झबलं, कूलरची हवा (थेट अंगावर नको), दिवसातून दोनदा ओल्या कपड्याने पुसून घड्या नीट कोरड्या करणं. तेल त्या दिवसांत बंदच ठेवा.

बाजारातल्या काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, आणि घरचं असलं तरी बोटाने जंतू डोळ्यात जातात. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल तर तळपायाला लावा, आजीही खूश. एक मात्र अगदी लक्षात ठेवा, सर्दी झाली म्हणून छातीला कापूर घातलेलं तेल किंवा बाम चोळू नका, लहान मुलांना कापराने झटके येऊ शकतात.

प्रश्न: आम्ही कॅलगरीत राहतो, मला लहानपणी एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजणं) होता. बाळाला तो होऊ नये म्हणून जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावावं असं वाचलं, खरंय का? (एक आई, कॅनडा)

उत्तर: तसं आधी वाटायचं, पण 2020 मध्ये ब्रिटनमधला एक आणि नॉर्वे-स्वीडनमधला एक असे दोन मोठे अभ्यास आले आणि रोज मॉइश्चरायझर लावल्याने एक्झिमा टळत नाही असं दिसलं. त्यामुळे स्किन मऊ असेल तर निव्वळ भीतीपोटी काही थापू नका. मात्र तुमच्याकडच्या हिवाळ्यात, हीटरच्या कोरड्या हवेत गाल, नडग्या खरखरीत झाल्या किंवा एक्झिमा दिसलाच, तर मॉइश्चरायझर हीच मुख्य ट्रीटमेंट. अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका, टॉवेलने टिपून घ्या आणि अंग ओलसर असतानाच घट्ट, बिनवासाचं क्रीम भरपूर लावा. लोशन पातळ असतं, तिथे पुरणार नाही.

प्रश्न: डायपर रॅशला मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, दोन दिवसांत गेलं, ट्यूब बंद केली की परत येतं. सेफ आहे ना? (एक आई, ठाणे)

उत्तर: ती ट्यूब आजच बंद करा आणि तिच्यावरचं नाव मला किंवा तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे स्टेरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबा प्रिस्क्रिप्शनशिवाय सर्रास मिळतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल हे शब्द असतील तर ते कडक स्टेरॉइड आहे, आणि डायपरखाली झाकलेल्या जागी ते जास्तच शोषलं जातं, कातडी पातळ होते. हर्बल लिहिलेल्या काही क्रीम्समध्येही न सांगता स्टेरॉइड घातलेलं सापडलंय, तेव्हा जादूसारखं बरं करणाऱ्या क्रीमवर संशयच घ्या.

तोवर दर दोन-तीन तासांनी डायपर बदला, वाइप्सऐवजी पाण्याने भिजवलेला कापूस वापरा, दिवसातून थोडा वेळ उघडंच ठेवा आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर द्या. प्रत्येक वेळी तो थर खरडून काढू नका, फक्त शी पुसा आणि वरून पुन्हा लावा. घड्यांच्या आत गडद लाल चट्टा आणि कडेला छोटे पुटकुळे दिसले तर ते फंगस असतं, त्याला वेगळं औषध लागतं. पू आला, फोड फुटले, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा, बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप असेल तर रात्र असली तरी थांबू नका.