मनपाच्या कार्यक्रमांना जाऊन काही होतं का? (जालन्याच्या ताईंना उत्तर, जरा लांबलंय)

ताई, तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण दोन ओळींत उरकण्यासारखा नाही म्हणून रविवारवर ठेवला. तुम्ही लिहिलंय की जालन्याची नगरपालिका २०२३ मध्ये महानगरपालिका झाली, १५ जानेवारी २०२६ ला मनपासाठी पहिल्यांदा मतदान झालं आणि तेव्हापासून मोबाइलवर रोज काहीतरी येतंय. स्वच्छता मोहीम, वृक्षारोपण, नागरिक संवाद, 'आपल्या सूचना कळवा'. तुम्ही दोनदा गेलात. चहा झाला, फोटो झाला, आणि नाली जिथं तुंबत होती तिथंच तुंबतेय. मग जावं का घरीच बसावं, हा तुमचा प्रश्न.

मी मराठवाड्यातल्याच एका मनपाच्या हद्दीत राहतो. शहराचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली ज्यांची गोष्ट येणार आहे ते साहेब अजून नोकरीत आहेत आणि आमची नाली अजून त्यांच्याच ताब्यात आहे.

आमच्याकडेही असाच संवाद कार्यक्रम झाला होता, मंगल कार्यालयात. मी हात वर करून माइक मिळवला आणि चांगलं पाच मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. आयुक्त म्हणाले, 'नोंद घ्या.' शेजारच्या माणसानं कार्यक्रमपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, झालं काम. तीन महिने काहीच हाललं नाही. गल्लीतले एक काका बांधकाम खात्यातून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त झालेत, त्यांना ही कथा सांगितली. ते सुपारी कातरत म्हणाले, 'तू बोलून आलास. लिहून आलास का? आवक नंबर कुठंय?' म्हणजे पत्र पोचल्याचा कार्यालयातला नोंद क्रमांक.

तेव्हापासून मी कार्यक्रमाला जातो ते माणसं ओळखीची व्हावीत म्हणून. कोणता अभियंता आपल्या प्रभागाला आहे, स्वच्छता निरीक्षक कोण, त्यांचे नंबर काय, एवढं तिथं एका तासात कळतं. एरवी चार चकरा माराव्या लागतात. काम मात्र कागदावर होतं, आणि तो कागद कधी पोचला यावर सगळं अवलंबून असतं.

आता नालीची गोष्ट. आमच्या गल्लीतली नाली मंजूर होऊन बांधून झाली होती, तरी पावसाळ्यात पाणी उलटं घरात. सगळे म्हणायचे ढाळ चुकला. काका म्हणाले, अंदाजाने बोलू नका, सोमवारी चला. हे सोमवारचं प्रकरण बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. राज्य शासनाचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिकांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रं बघायला द्यायची. माहिती अधिकारात अर्ज टाकून महिनाभर थांबायची गरज नाही. आम्ही गेलो तेव्हा शिपाई म्हणाला, 'कामून आलात? सायेब साइटवर गेलेत.' काकांनी परिपत्रकाची झेरॉक्स पुढं केली. बाबूंनी ती दोनदा वाचली, मग स्टूल सरकवून दिलं.

फाइल जाड नव्हती. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेलं काम मोजून ज्यात लिहितात आणि ज्याला सगळे एमबी म्हणतात ती. अंदाजपत्रकात नालीची लांबी १८० मीटर, एमबीतही १८० मीटर. आम्ही आदल्या दिवशी टेप लावून मोजलं होतं, जागेवर भरली १४३. राहिलेले ३७ मीटर गेले कुठं? नकाशा बघितला तर तो शेवटचा तुकडा होता, जो नाली नेऊन मोठ्या नाल्याला जोडणार होता. म्हणजे ढाळ चुकला नव्हताच. पाण्याला बाहेर पडायची वाटच केली नव्हती! तीन वर्षं आम्ही गाळ काढा, गाळ काढा म्हणून सफाई कामगारांच्या डोक्यावर बसलो होतो. त्या बिचाऱ्यांचा काही संबंध नव्हता.

मग एक पान लिहिलं. त्यात 'अत्यंत दुरवस्था', 'नागरिक त्रस्त' असलं काही नाही. काम कोणतं, आदेश क्रमांक काय, कागदावर लांबी किती, जागेवर किती, आणि मागणी एकच: संयुक्त मोजणी होईपर्यंत अंतिम देयक अदा करू नये. ही शेवटची ओळ काकांची. ठेकेदाराचं शेवटचं बिल बाकी असेपर्यंतच तुमच्या पत्राला वजन असतं. बिल निघालं की मग तक्रार निवारण, चौकशी समिती, आणि तुम्ही. दोन प्रती नेल्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला.

पंधराएक दिवसांनी कनिष्ठ अभियंता आले. तरुण पोरगा, गाडीवरून उतरायलाही तयार नव्हता. म्हणाला, लेव्हल बरोबर आहे. शेजारच्या काकू घरात गेल्या, भरलेली बादली आणली आणि एका हिसक्यात नालीत ओतली. पाणी टोकापर्यंत गेलं, थांबलं, आणि शेणकुटाचा एक तुकडा घेऊन सावकाश परत काकूंच्या दारापाशी आलं. कुणीच काही बोललं नाही. त्यानं टेप काढला.

दिवाळीनंतर ते ३७ मीटर झाले. अगदी सुंदर झाले असं म्हणणार नाही. नाल्याच्या तोंडाशी अर्धी वीट तशीच सोडलीय, तिथं कॅरीबॅग अडकतात आणि महिन्यातून एकदा कुणीतरी काठी घेऊन जातं. पण घरात पाणी नाही.

एवढं सविस्तर लिहिलं कारण तुमची नाली पण मला अशीच वाटतेय. तुंबण्याचं कारण दरवेळी कचराच असेल असं नाही. आधी टोक शोधा.

दुसरं पाण्याचं. आपल्याकडे मनपा म्हटलं की शेवटी गाडी पाण्यावरच येते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. छत्रपती संभाजीनगरला धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण पैठणच्या नाथसागराकडे बोट दाखवूनच शिकवावी अशी गत कैक वर्षं होती. तुमच्याकडे जायकवाडी आहे, शिवाय घाणेवाडीचा निजामकाळातला तलाव आहे, आणि त्याचा गाळ लोकांनी पुढाकार घेऊन काढला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला. लोकसहभाग शिकायला जालनेकरांनी बाहेर जायची गरज नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

पण तलावात पाणी असणं वेगळं आणि गल्लीत वेळेवर येणं वेगळं. आमच्या गल्लीत पाण्यावरून रोज लाइनमनशी भांडण. तो म्हणायचा, 'सायेब, वरूनच प्रेशर नाही तर मी काय करू?' एका शाळेतल्या बाईंनी भांडण बंद करून वही घातली. तारीख, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, पहिल्या मजल्यावर चढलं का नाही. दोन महिने. त्यातून दिसलं की आमच्या वरच्या कॉलनीची पाळी ज्या दिवशी आमच्यासोबत असते, त्याच दिवशी आमच्याकडे पाणी चढत नाही. वहीची झेरॉक्स उपअभियंत्यांना दिली. त्यांनी पाळी एक दिवस सरकवली. एक पैसा खर्च नाही, निविदा नाही. लाइनमन आता स्वतःच ग्रुपवर टाकतो, 'आज उशीर होईल'.

बाकी जे लोक चुकीच्या खिडकीवर वेळ घालवतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्माचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी असल्या अधिसूचित सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लागू होतो. मुदत ठरलेली, दोन अपिलं, वर आयोग, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नालीची तक्रार तिथं चालत नाही. लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी समोर बसून गाऱ्हाणी ऐकतात तो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि गाऱ्हाणं वैयक्तिक लागतं. कोर्टात चालू असलेलं प्रकरण घेत नाहीत. आयत्या वेळी निवेदन घेऊन गेलेली मंडळी हिरमुसून परत येतात, दरवेळी.

'सूचना व हरकती' या शब्दांकडे मात्र लक्ष ठेवा. हे शब्द जिथं कायद्याने येतात तिथं ते कार्यक्रमासारखे नसतात. विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की नगररचना कायद्यानुसार ३० दिवस मिळतात, मग नियोजन समितीपुढं सुनावणी होते. तुमच्या घरावरून रस्ता गेलाय का, शाळेच्या आरक्षणाची जागा कुठं सरकलीय, हे त्या ३० दिवसांतच बोलायचं. नंतर आयुष्यभर वकील. मोबाइलवर 'शहर कसं हवं? लिंकवर कळवा' म्हणून येतं त्याला मुदतही नसते आणि उत्तर देण्याचं बंधनही नसतं. भरा हवं तर, दोन मिनिटं जातात.

आणि लोकांना वेळेत विचारलं नाही की काय होतं, ते संभाजीनगरनं २०१८ मध्ये बघितलंय. नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध आसपासची गावं वर्षानुवर्षं सांगत होती. फेब्रुवारीत त्यांनी गाड्याच अडवल्या आणि पुढचे कित्येक महिने शहराचा कचरा रस्त्यावर होता. मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल अशी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. आधी करता आलं असतं ते आग लागल्यावर केलं. माझं मत असं की त्या गावांचे अर्ज कुणीतरी नीट वाचले असते तर ती वेळ आलीच नसती, पण ते जाऊ द्या.

तुमच्या मनपाचं सगळं नवं आहे, हा तुमचा फायदा आहे. तीन गोष्टी आत्ताच विचारून ठेवा. प्रभाग समित्या कधी होणार? महापालिका कायद्याच्या कलम २९-अ मध्ये या समित्यांवर तीनपर्यंत माणसं सामाजिक संस्थांमधून घेता येतात. बहुतेक ठिकाणी तिथं कार्यकर्त्यांची सोय लागते, कारण दुसऱ्या कुणी नावच दिलेलं नसतं. तुमच्या महिला मंडळाची नोंदणी असेल तर नाव द्या. दुसरं, क्षेत्रसभा. याच कायद्यात दीड दशकापासून तरतूद आहे, काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, त्याची सभा, अध्यक्ष नगरसेवक. ती प्रत्यक्षात भरलेली मी फारशी बघितली नाही. मागाच. आणि भरलीच तर सकाळी ११ ला हॉलमध्ये नको, संध्याकाळी ७ ला मारुतीच्या पारावर घ्या म्हणावं; सकाळच्या सभेला रिकामे पुढारी सोडून कोण येतं? तिसरं, सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका नगरसचिवांकडे आधी तयार असते आणि सभा सहसा नागरिकांना खुली असते. गॅलरीत एकदा बसून या. कोणता नगरसेवक वाचून येतो आणि कोणता चहाच्या वेळी येतो, ते तिथं कळतं.

अंदाजपत्रकाचं वेळापत्रकही डोक्यात ठेवा. कराचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात, त्यामुळे त्याच सुमाराला स्थायी समितीत सगळं हलत असतं. लोक मार्चमध्ये निवेदन देतात. तोवर आकडे बसलेले असतात. प्रभागातली कामं आत घालायची तर दिवाळीच्या आसपास, खात्यांकडून मागण्या गोळा होत असतात तेव्हा. यंदाचं गेलं म्हणा, पण नाली अपुरी निघाली तर तिला नव्या पैशाची गरजच नाही, जुन्याच कामात ती बसते.

शेवटचं तुम्ही विचारलंय, आधी नगरसेवकाला भेटू की थेट आयुक्तांना. आधी प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्याला, मग नगरसेवकाला. आणि नगरसेवक एकटे नाहीत हे विसरू नका. एका प्रभागात चौघं असले की प्रत्येक जण म्हणतो, 'ते माझ्याकडे येत नाही, त्यांच्याकडे येतं.' चार पत्रं लिहू नका. एकच पत्र, वरती चौघांची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या घरून त्याच कागदावर पोच. दुसऱ्याला पहिल्याची सही दिसते, तिसऱ्याला दोघांची. आमच्याकडे चौथ्यानं तर न वाचताच सही केली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तोच अभियंत्याला घेऊन हजर.

पत्राचा मसुदा हवा असेल तर इथंच खाली सांगा, उद्या रात्री टाकतो. तोवर नाली मोजून ठेवा, सुरुवातीपासून नाल्याच्या तोंडापर्यंत. टेप लोखंडी घ्या. कापडी टेप ताणला की वाढतो, आणि तुमच्या दोन मीटरच्या चुकीवर अभियंता तुमचं सगळं पत्र बाजूला ठेवेल.