बेस शिकागोचा, पण घर आत्ताच नको

प्रश्न: मी न्यू जर्सीत आई-बाबांकडे राहतो. नुकताच एका रिजनल एअरलाइनमध्ये (मोठ्या एअरलाइनसाठी छोट्या मार्गांवर उडणारी कंपनी) फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक झालोय. बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते तो विमानतळ, शिकागो ओहेअर; सध्या शॉर्ट-कॉल रिझर्व्हवर, म्हणजे फोन आला की थोड्याच वेळात हजर व्हायचं. तासाला ९० डॉलर, महिन्याला ७५ तासांची गॅरंटी. दोन वर्षांच्या करारावर १५,००० डॉलर बोनस मिळालाय. तो डाउन पेमेंटला लावून शिकागोत छोटा कॉन्डो घेऊ, की ३५० डॉलरचं क्रॅशपॅड (वैमानिकांनी वाटून घेतलेली, बेसजवळची झोपण्यापुरती जागा) घेऊन ये-जा करू?

उत्तर: दोन्ही नको. शिकागोला राहायला जा, पण भाड्याने.

आधी बोनस. करारातलं परतफेडीचं कलम पुन्हा वाचा. मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे परत द्यायचे, आणि बऱ्याच करारांत मागतात ती कर कापण्यापूर्वीची रक्कम. बोनसवर फेडरल कर सहसा २२ टक्के, वर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर. म्हणजे हातात आले साडेदहा हजारांच्या आसपास, त्यातूनही राज्याचा कर गेला असेल. परत मागतील पंधरा. उद्या मोठ्या एअरलाइनचं बोलावणं आलं तर? कराराची मुदत संपेपर्यंत हे पैसे तुमचे नाहीत असं समजून बचत खात्यात पडू द्या.

उत्पन्न धरायचं ते फक्त ९० गुणिले ७५, म्हणजे ६,७५० डॉलर, तेही कर कापण्यापूर्वीचं. एखाद्या महिन्यात वीस तास उडलात तरी एवढे मिळतील. गॅरंटीच्या वरचे तास मिळाले तर उत्तम, पण त्यांच्या भरवशावर हप्ता बांधू नका.

क्रॅशपॅड कागदावर स्वस्त दिसतं. प्रत्यक्षात फोन आल्यावर दोनेक तासांत हजर व्हायचं, तर नेवार्कहून निघायचं आदल्या दिवशी. विमान भरलेलं, जंपसीटवर (कॉकपिटमधली जादा खुर्ची) तुमच्याआधी कुणी नाव लावलेलं, की बसा पुढच्या फ्लाइटची वाट बघत. चार दिवसांच्या ड्यूटीला सुट्टीचे एक-दीड दिवस असे जातात. शिवाय नोकरदाराला असा खर्च फेडरल करातून वजा करता येत नाही.  

मग घरच का नको? कारण तुमचा सीनियॉरिटी नंबर, म्हणजे कंपनीतल्या सेवाज्येष्ठतेचा क्रमांक, तळाचा. बेस आक्रसला तर आधी हलतात ते तळाचे, आणि कॅप्टनची जागा दुसऱ्याच शहरात निघू शकते. २०२०मध्ये ट्रान्स स्टेट्स, कंपास आणि एक्स्प्रेसजेट या तीन रिजनल कंपन्यांनी उड्डाणं थांबवली. तिथली वर्षानुवर्षांची सीनियॉरिटी एका झटक्यात शून्य झाली. दोन वर्षांत कॉन्डो विकायला लागला तर ब्रोकरचं कमिशन आणि क्लोजिंगचा (खरेदी-विक्री पूर्ण करण्याचा) खर्चच मुद्दल खाईल.

तेव्हा सहा महिन्यांचा भाडेकरार करा, शक्यतो शिकागोच्या ब्लू लाइन मेट्रोच्या स्टेशनजवळ. ती गाडी रात्रभर ओहेअरला जाते, त्यामुळे पहाटे चारच्या फोनलाही कार लागत नाही. जाताना राज्याच्या कराचा पत्ता मात्र नीट बदला: विमान कर्मचाऱ्यांच्या पगारावर फेडरल कायद्यानुसार मुख्यतः राहत्या राज्याचाच कर लागतो.

फ्लाइट स्कूलचं कर्ज असेल तर ते जादा फेडण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा आणि युनियनच्या लॉस-ऑफ-लायसन्स विम्याची (तब्येतीमुळे उडता येईनासं झालं तर पैसे देणारा विमा) चौकशी करा. उडण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र गेलं की उडणं त्या दिवशी थांबतं, हप्ता नाही. मानसिक आजारासाठी विमा किती महिने पैसे देतो, हे सही करण्याआधी विचारा.