रक्त माझंच, मग भीती कशाची?

प्रश्न : माझं वय ३६. दोन वर्षांपासून भांग रुंद होत चाललाय. पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटचा दाट भाग डोक्यात टोचण्याची, तीन सिटिंग घ्या, असं मला एका केंद्रात सुचवण्यात आलं आहे. 'तुमचंच रक्त तुम्हाला टोचायचं, साइड इफेक्ट शून्य,' असं तिथल्या समुपदेशक बाईंनी ठासून सांगितलं. पण माझ्या मैत्रिणीचं दुसऱ्याच दिवशी कपाळ सुजलं, सूज पापण्यांपर्यंत उतरली आणि पुढे महिनाभर केस उलट जास्तच गळले. डॉक्टर, मी हे करावं की नाही?

उत्तर : तुमच्या मैत्रिणीसारखं माझंही कपाळ सुजलं होतं. काही वर्षांपूर्वी मी स्वतःवर पीआरपी करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहते तर भुवयांच्या वरचा भाग टम्म फुगलेला. 'थोडी सूज येईल हं,' हे वाक्य मी तोवर रुग्णांना किती वेळा ऐकवलं असेल! त्यातल्या 'थोडी'चा अर्थ त्या सकाळी कळला. डोक्याच्या त्वचेखाली एक सैल थर असतो. टोचलेलं द्रव त्या थरातून हळूहळू खाली सरकतं, आधी कपाळावर आणि मग पापण्यांत. दिसायला भयंकर, पण सहसा दोन-चार दिवसांत ओसरतं. मी दोन रात्री उशा उंच करून झोपले आणि डोकं ठणकलं तेव्हा पॅरासिटामॉल घेतली.

दुखण्याबद्दलही खरं सांगते, कारण 'मुंगी चावल्यासारखं' हे मला पटत नाही. सुई बारीक असते, पण एकेका सेंटिमीटरवर टोचत गेलं की एका सिटिंगला डझनावारी टोचण्या होतात, आणि कपाळाजवळच्या केसांच्या रेषेवर त्या चांगल्याच झोंबतात. बर्फाने किंवा लिडोकेनच्या भुलीने त्रास बराच कमी होतो. दातांच्या डॉक्टरांकडे भुलीच्या इंजेक्शनने कधी अंगावर पित्त उठलं असेल, तर ते आधी सांगा. उपाशीपोटी जाऊ नका. सुई पाहून घेरी येणारे धट्टेकट्टे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत. नंतर एक-दोन दिवस डोकं हुळहुळतं, कातडी ताणल्यासारखी वाटते, कुठे लाल-निळे ठिपके दिसतात. हे सगळं अपेक्षित आहे.

आता 'तुमचंच रक्त' याविषयी. हे अर्धं खरं आहे. हाताच्या शिरेतून रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये सायट्रेटसारखं रसायन असतं, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लाल पेशी खाली बसवतात आणि प्लेटलेटचा दाट भाग वेगळा घेतात. रक्तात एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीमध्ये त्यांचं प्रमाण काही पटींनी वाढवलेलं असतं. या प्लेटलेटमधून केसांच्या मुळांना चालना देणारे घटक सुटतात, असा हा सगळा हिशोब. स्वतःच्या रक्ताची ॲलर्जी येत नाही, हे कबूल. पण शिरेतून निघून पुन्हा डोक्यात शिरेपर्यंत ते रक्त कुणाच्या हातात, कुठल्या ट्यूबमध्ये आणि कुठल्या टेबलावर असतं, त्याची हमी 'तुमचंच' या शब्दात नसते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेला एक स्पा होता. तिथे पीआरपी आणि मायक्रोनीडलिंगचं (बारीक सुयांनी त्वचेला टोचे मारण्याचं) फेशियल करून घेतलेल्या एका बाईंना एचआयव्हीची लागण झाल्याचं २०१८ मध्ये कळलं. लागण होण्याचं दुसरं कुठलंही कारण त्यांच्या बाबतीत सापडत नव्हतं. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२४ मध्ये या प्रकरणाची माहिती प्रसिद्ध केली. त्या स्पाच्या आणखी ग्राहकांनाही तिथेच लागण झाली असावी, असं त्यात दिसलं. नावं न लिहिलेल्या रक्ताच्या ट्यूब ओट्यावर मांडलेल्या होत्या. फ्रिजमध्येही अशा ट्यूब होत्या आणि त्यांच्याच शेजारी खाण्याचे पदार्थ! ते उपचार चेहऱ्याचे होते, पण ट्यूब आणि सुईला चेहरा काय नि डोकं काय!

म्हणून खुर्चीत बसल्यावर लाजू नका. सुई आणि सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त काढल्याबरोबर ट्यूबवर तुमचं नाव लिहिलं जातंय का, ते बघा आणि टोचण्याआधी ते नाव पुन्हा वाचा. सेंट्रिफ्यूज आतल्या खोलीत असेल, तर 'मी बरोबर येते' म्हणा. माझ्याकडच्या एक आजी दर वेळी ट्यूब हातात घेऊन, चष्मा लावून नाव वाचतात. मदतनीस मुली गालात हसतात. मला त्या आजी फार आवडतात.

मैत्रिणीच्या केसगळतीचं म्हणाल, तर सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढल्याचं काही जण सांगतात, आणि बहुतेकांची ती आपोआप थांबते. दोन-तीन महिन्यांनंतरही ओंजळभर केस येत असतील, तर मात्र पीआरपीला दोष देत न बसता थायरॉइड आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या.

पण तुमच्या पत्रात मला सुजेपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. केस का विरळ होताहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं, ते त्यात कुठेच नाही. डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, डोकं पाहिलं का? रक्त तपासलं का? रुंदावणारा भांग बहुधा आनुवंशिक केसगळतीचा असतो आणि त्यात पीआरपीचा अनेकांना उपयोग होतो. बाळंतपण, मोठा ताप किंवा कडक डाएट यानंतरची गळती सहसा टोचून न घेताही थांबते. आणि मुळांच्या जागी व्रण धरणारे काही आजार असतात, त्यात मूळच उरलेलं नसेल तर प्लेटलेट कुणाला चालना देणार? अशाच एका मुलीने माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे सहा सिटिंग घेतली होती. तिच्या आजाराला वेळेत औषध हवं होतं, आणि तोच वेळ सुयांत गेला.

तेव्हा आधी निदान. ते आनुवंशिक निघालं, तर मी तुम्हाला मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधापासून सुरुवात करायला सांगेन, आणि पीआरपी हवंच असेल तर त्याच्या जोडीला. तीन सिटिंगमध्ये कायमचं काम होतं, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. टिकवण्यासाठी पुढेही अधूनमधून घ्यावं लागतं. गरोदर असाल, डोक्यावर पुळ्या किंवा जंतुसंसर्ग असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्ताचा आजार असेल, तर सध्या नको. सोरायसिस असेल तर सांगा, टोचलेल्या जागी तो उमटू शकतो. आणि तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत गेलं, पू दिसला किंवा ताप आला, तर फोनवर सल्ला घेत न बसता दाखवायला जा.

प्रश्न : वय ५२. मागच्या वर्षी स्टेंट बसवला, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. पीआरपीआधी आठवडाभर दोन्ही गोळ्या बंद ठेवा, असं केंद्रातल्या मदतनीसाने सांगितलंय. ठेवू का?

उत्तर : नाही. या गोळ्यांनी स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका कमी होतो; त्या अचानक बंद केल्या तर जिवावर बेतू शकतं. या गोळ्या प्लेटलेटचंच काम मंदावतात, त्यामुळे टोचल्यावर रक्त जास्त येतं, कातडी जास्त काळीनिळी पडते आणि पीआरपीचा गुणही कमी येण्याची शक्यता असते, म्हणून त्याने तसं सांगितलं असणार. पण गोळ्या थांबवायच्या की नाही, हे फक्त तुमचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. ते 'नको' म्हणाले, तर पीआरपीचा विचार सोडून द्या. मिनॉक्सिडिल लावण्याबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या.