वरची दाढ आणि आवशीचा डोळा

दंतचिकित्सकांनी तिला माझ्याकडे पाठवलं, तेव्हा केसपेपरवर एकच ओळ होती: ‘दाढ काढायला तीनदा आली, तीनदा खुर्चीतून उठून गेली.’ मी वेंगुर्ले तालुक्यात तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन करते. दातांच्या खुर्चीत बसायला घाबरणारी माणसंही हळूहळू माझ्याच टेबलाकडे वळवली जाऊ लागली. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

मावशी साठीच्या आसपासची, मासळी विकणारी. जून-जुलैत मासेमारी बंद, बाजार थंड, म्हणून तिला सवड होती. गालाला हात लावून बसली आणि म्हणाली, “डॉक्टर बरो आसा गो, पण वरची दाढ काढली काय डोळो जाता. माझ्या आवशीचो असोच गेलो.”

हा प्रश्न मला नवा नव्हता. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. म्हणून मी माझं पाठ उत्तर दिलं. भिंतीवरचा तक्ता दाखवला: दृष्टीची नस वेगळी, ती मेंदूतून निघणारी दुसरी नस, दातांना संवेदना देणारी पाचवी. तिच्या तीन फांद्या, त्यातली मधली वरच्या दातांकडे येते. दाढ काढताना दृष्टीच्या नसेला धक्काही लागत नाही. मावशीने मान डोलावली, “होय गो बाय” म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात आलीच नाही.

चूक माझीच. तिने आईबद्दल सांगितलं होतं आणि मी नसांबद्दल बोलत बसले.

पंधरा दिवसांनी आली ती गाल सुजवून. दाढेला मशेरी लावून दिवस काढले होते. “मशेरी लावलंय काय दुखना थांबता.” थांबतं ते थोडा वेळ, आत पू साठायचं थांबत नाही. या वेळी मी तक्त्याकडे पाहिलंही नाही. विचारलं, “आवशीचे किती दात काढले होते? तेव्हा ती किती वर्षांची होती?”

गावातल्या शिबिरात वरचे चार दात काढले होते, वय साठ-बासष्ट. डोळ्यांना दिसेनासं झालं ते त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी. “त्याच्या आधी नीट दिसायचं?” मावशी थांबली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “सुयेत दोरो ओवूक ती माकाच हाक मारी. दात काढूच्या आधीपासून.”

मी काहीच बोलले नाही. हा शोध तिचा होता. त्या वयात दात पडतात, मोतीबिंदूही होतो; दोन्ही एकाच माणसाला लागोपाठ झालं की घरात त्याची एकच गोष्ट बनते. तिच्या आईला मोतीबिंदूच होता की काय, ते आज सांगता येणार नाही, कारण डोळे कोणी तपासलेच नव्हते.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगितली. वरच्या दाढेतला जंतुसंसर्ग तसाच ठेवला तर सूज क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढू शकते. म्हणजे डोळ्याला धोका असलाच तर दाढ तशीच ठेवण्यात. तिची दाढ मुळापर्यंत किडून हलत होती, त्यामुळे रूट कॅनॉलचा प्रश्नच उरला नव्हता.

मग तिचा दुसरा प्रश्न बाहेर आला. जावेने दात साफ करून घेतले आणि दातांत फटी पडल्या! तिला कळेल असं विचारलं: पाऊस संपून होडी पाण्यात घालण्याआधी तळाला चिकटलेला शिंपल्यांचा थर खरवडता ना? खरवडल्यावर फळीत फट दिसली तर ती खरवडल्याने पडली काय? ती हसली. कीटण हिरडीला मागे ढकलतं आणि झालेली फट स्वतःच भरून ठेवतं. ते निघालं की फट दिसते इतकंच. साफसफाईनंतर काही दिवस थंड पाणी झोंबतं, तेही खरं आहे.

साखर तपासली, ती ताब्यात होती. गुरुवारी दाढ निघाली. बधिर करणारं इंजेक्शन टोचताना तिने माझा हात असा काही आवळला की बोटं लाल झाली.

नंतरच्या सूचना मी मशेरीला जोडूनच दिल्या, कारण खरी अडचण तिथेच होती. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरायचा. चोवीस तास चूळ नाही आणि थुंकायचंही नाही. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर तिसऱ्या दिवशी दाढदुखीपेक्षा भयंकर कळ येते. मशेरी लावली की थुंकणं आलंच. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. “मगे मशेरी कधी?” तिने विचारलं. मी म्हटलं, आठवडाभर तरी नाही, मग पुढचं बघू. ‘कधीच नाही’ म्हटलं असतं तर ती खोटं बोलायला शिकली असती.

आठवड्याने आली. सहा वेळची मशेरी दोनवर आली होती. तिसरी वेळ चुकून होते म्हणाली, म्हणजे तीन. जाताना डोळ्यांच्या ओपीडीच्या रांगेकडे बघत थबकली.

“इलंयच हा तर डोळे पण दाखवून जातंय.”