सोसायटीच्या निमंत्रणासाठी ‘कलम’ फॉन्ट योग्य ठरेल का?
पुण्यातील आपल्या सोसायटीच्या कोजागरीच्या निमंत्रणासाठी ‘कलम’ हा हस्ताक्षरासारखा फॉन्ट अवश्य वापरावा. मात्र तो मथळा आणि दोन-चार ओळींपुरताच ठेवावा. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा मोफत फॉन्ट लाइट, रेग्युलर आणि बोल्ड या 3 प्रकारांत मिळतो. त्याची तिरकी, भरभर लिहिल्यासारखी अक्षरे घरगुती जिव्हाळा दाखवतात, परंतु लहान आकारात तोच तिरकेपणा जोडाक्षरे आणि रफार वाचताना त्रासदायक ठरतो, म्हणून वेळ, स्थळ आणि वर्गणीचा तपशील साध्या, सरळ फॉन्टमध्ये द्यावा. थकबाकीच्या नोटिशीला तर तो मुळीच शोभत नाही. तिथे एवढा जिव्हाळा संशयास्पद वाटतो. छापखान्यात फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफच द्यावी, अन्यथा तेथील संगणकावर तो नसल्यास मांडणी बिघडते.